तीन मैदाने, तीन कालखंड : जड वजनाच्या मल्लांच्या तौलनिक मूल्यमापनाचा प्रश्न
(विशेष संदर्भ : अलिबाग १९७१, खोपोली १९८० व रोहा २०१० येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धा)

प्रस्तावना :

१९७१ साली अलिबाग येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीचे मल्ल दादू चौगुले यांनी सलग दुसऱ्या वर्षी हा किताब मिळवला. त्याच वर्षी ८ मार्च रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझियर यांनी मुहंमद अली यांचा पंधरा फेऱ्यांच्या लढतीत गुणांवर पराभव केला. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. एक लाल मातीतील, दुसरी दोरखंडांनी वेढलेल्या रिंगणातील. मात्र दोहोंनी आपल्या मागे एकच प्रश्न ठेवला. आजचा विजेता कालच्या विजेत्यासमोर उभा राहिला असता तर काय झाले असते, आणि सर्व काळांतील श्रेष्ठ कोणास म्हणावे, हा तो प्रश्न होय.

गावच्या पारावर हा प्रश्न हिरिरीने चर्चिला जातो. अभ्यासाच्या क्षेत्रात मात्र तो बहुधा गप्पांचा विषय म्हणून बाजूला ठेवला जातो. वास्तविक हा इतिहासलेखनाचा मूलभूत प्रश्न आहे. भिन्न काळात, भिन्न साधनांनी, भिन्न नियमांखाली केलेल्या कर्तृत्वाचे मोजमाप एकाच मापाने करता येते काय? राज्यकर्ते, सेनानी किंवा समाजसुधारक यांच्या बाबतीत इतिहासकार हा प्रश्न नेहमी हाताळतात. मल्लांच्या बाबतीत तो हाताळण्यास रायगड जिल्ह्याने एक सोयीची चौकट उपलब्ध करून दिली आहे. १९७१ मध्ये अलिबाग, १९८० मध्ये खोपोली आणि २०१० मध्ये रोहा अशा तीन ठिकाणी महाराष्ट्र केसरीची मैदाने भरली. पहिल्या दोन वेळी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, तिसऱ्या वेळी ते रायगड झालेले होते. अलिबागेत दादू चौगुले, खोपोलीत इस्माईल शेख आणि रोह्यात समाधान घोडके विजयी झाले. भूमी तीच, किताब तोच, परंतु कालखंड तीन. प्रस्तुत लेखात या तीन मैदानांच्या आधारे जड वजनाच्या मल्लांच्या कालांतरित तुलनेचा विचार करण्यात आला आहे.

उद्दिष्टे :

१) भिन्न कालखंडांतील खेळाडूंच्या तुलनेतील अडचणी स्पष्ट करणे.
२) महाराष्ट्रातील जड वजनाच्या कुस्तीत वजनगट, नियम व पृष्ठभाग यांत झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
३) अशा तुलनेसाठी इतिहासाच्या दृष्टीने ग्राह्य ठरतील असे निकष मांडणे व त्यांचे उपयोजन करणे.

अभ्यासपद्धती :

या लेखात ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे. जागतिक पातळीवर या प्रश्नाची सर्वाधिक चर्चा जड वजनाच्या मुष्टियुद्धात झालेली असल्याने तिचा संदर्भ प्रारंभी घेतला असून त्यानंतर महाराष्ट्रातील कुस्तीचा विचार केला आहे.

१. मुष्टियुद्धाचा अनुभव :

जड वजनाच्या मुष्टियुद्धाचा इतिहास हा श्रेष्ठत्वाच्या वादांचा इतिहास आहे. जॅक जॉन्सन हे १९०८ मध्ये सिडनी येथे विश्वविजेते झाले. जड वजनात हा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय मुष्टियोद्धे होत. जो लुई यांनी १९३७ ते १९४९ या काळात आपल्या किताबाचे २५ वेळा रक्षण केले. रॉकी मार्सियानो १९५६ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर ४९ लढती व ४९ विजय होते. मुहंमद अली यांनी १९६४, १९७४ व १९७८ असा तीन वेळा किताब मिळवला. या चौघांपैकी श्रेष्ठ कोण, या प्रश्नाचे उत्तर निकषागणिक बदलते. दीर्घकाळच्या सत्तेचा निकष लावल्यास लुई, अपराजित राहण्याचा लावल्यास मार्सियानो आणि गमावलेले पुन्हा मिळवण्याचा लावल्यास अली पुढे येतात. जॉन्सन यांना तर किताबासाठी लढण्याची संधी मिळवणे हाच पहिला लढा होता.

हा वाद यंत्राच्या साहाय्याने मिटवण्याचा एक प्रयत्न १९६० च्या दशकाच्या अखेरीस झाला. मरे वोरोनर या अमेरिकन निर्मात्याने निरनिराळ्या काळांतील मुष्टियोद्ध्यांची माहिती संगणकास पुरवून काल्पनिक लढती घडवल्या. पुढे अली व निवृत्त मार्सियानो यांना प्रत्यक्ष रिंगणात उतरवून लहान लहान फेऱ्यांचे चित्रीकरण करण्यात आले आणि शेवटही एकाहून अधिक प्रकारचे चित्रित झाले. चित्रपट जानेवारी १९७० मध्ये प्रदर्शित झाला. तत्पूर्वी, ऑगस्ट १९६९ मध्ये, मार्सियानो यांचे विमान अपघातात निधन झाले होते. अमेरिकेतील प्रेक्षकांना मार्सियानो तेराव्या फेरीत विजयी झालेले दिसले, तर युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली विजयी ठरले. यंत्राने दिलेला निकाल प्रेक्षकागणिक बदलतो, तेव्हा ते मोजमाप न राहता प्रेक्षकांच्या अपेक्षेचा पडसाद ठरते.

जाणकारांचे मतही या दोषापासून मुक्त नाही. 'द रिंग' या नियतकालिकाचे संस्थापक नॅट फ्लायशर यांनी आयुष्यभर मुष्टियुद्ध पाहिले. त्यांच्या मते जॅक जॉन्सन हे सर्वश्रेष्ठ होते. आपल्या पहिल्या दहांच्या यादीत त्यांनी अली यांना स्थान दिले नाही. ज्या काळात अभ्यासकाची नजर तयार होते, त्या काळाचे माप तो पुढच्या सर्व काळांना लावतो. महाराष्ट्रातील जुने कुस्तीशौकीन 'आता तशी कुस्ती राहिली नाही' असे म्हणतात, त्यातही हाच न्याय दिसून येतो.

२. महाराष्ट्रातील जड वजनाच्या कुस्तीची परंपरा :

महाराष्ट्रातील कुस्तीला आधुनिक स्वरूप येण्यात राजर्षी शाहू महाराजांचा वाटा मोठा आहे. १९०२ मध्ये ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले. त्या प्रवासात रोम येथे पाहिलेल्या प्राचीन क्रीडागाराच्या प्रेरणेने त्यांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले व ते १९१२ मध्ये खुले झाले. तालमींना राजाश्रय, मल्लांना खुराक व बाहेरच्या मल्लांना आमंत्रण अशी व्यवस्था निर्माण झाल्याने कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी बनली. याच काळात, १९१० मध्ये, गामा लंडनला गेले व तेथे पोलंडच्या झिबिस्को यांच्याशी त्यांची दीर्घ लढत झाली. सुमारे अडीच तासांनंतरही निकाल न लागल्याने ती पुढील आठवड्यावर ढकलण्यात आली, मात्र झिबिस्को पुन्हा मैदानात आले नाहीत. १९२८ मध्ये पतियाळा येथे हेच दोघे पुन्हा भेटले तेव्हा गामांनी एका मिनिटाच्या आत कुस्ती निकाली केली. त्याच दोन मल्लांमधील लढतीचा कालावधी अठरा वर्षांत अडीच तासांवरून मिनिटाच्या आत आला. ज्यांनी कधी परस्परांचा हातही धरला नाही, अशा मल्लांविषयी खात्रीने बोलणे किती धाडसाचे आहे, हे या एका उदाहरणावरून लक्षात यावे.

स्वातंत्र्योत्तर काळात राजाश्रय संपला आणि संघटनेचा काळ सुरू झाला. १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना झाली. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव यांनी ५७ किलो वजनगटात मिळवलेल्या कांस्यपदकाने महाराष्ट्रातील कुस्तीला नवा आत्मविश्वास दिला होता. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी किताबाच्या विजेत्यांची क्रमवार परंपरा सुरू झाली व पहिले नाव दिनकर दह्यारी यांचे लागले. राष्ट्रीय पातळीवर १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे, १९६० मध्ये गणपतराव आंदळकर आणि १९६४ मध्ये मारुती माने हे हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत आंदळकर यांनी जड वजनगटात ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण व फ्रीस्टाईल प्रकारात रौप्य, तर माने यांनी ९७ किलो गटात फ्रीस्टाईलमध्ये सुवर्ण व ग्रीको-रोमनमध्ये रौप्य पटकावले. मातीत वाढलेल्या दोन मल्लांनी परक्या नियमांच्या दोन्ही प्रकारांत मिळवलेली ही चार पदके महाराष्ट्राच्या जड वजनाच्या कुस्तीचा उच्चांक मानावी लागतात.

३. तीन मैदाने, तीन कालखंड :

कोकणची किनारपट्टी ही परंपरेने कुस्तीपेक्षा कबड्डीची भूमी म्हणून ओळखली जाते. मोठ्या तालमींची साखळी घाटमाथ्यापलीकडे, कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे व सोलापूर या पट्ट्यात आहे. म्हणूनच या जिल्ह्यात भरलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धांना वेगळे महत्त्व आहे. येथे कोणत्याही एका तालमीस 'घरचे मैदान' लाभत नव्हते. येणारा प्रत्येक मल्ल घाट उतरून आलेला पाहुणाच होता.

अलिबागचे १९७१ चे मैदान हे मातीतील कुस्तीच्या भरभराटीच्या काळातील होते. १९६९ मध्ये लातूर येथे हरिश्चंद्र बिराजदार, १९७० मध्ये पुणे व १९७१ मध्ये अलिबाग येथे दादू चौगुले, १९७२ व १९७३ मध्ये लक्ष्मण वडार, १९७४ मध्ये युवराज पाटील अशी विजेत्यांची मालिका पाहता, एकाच वेळी किती तुल्यबळ मल्ल मैदानात होते हे ध्यानात येते. चौगुले हे राधानगरी तालुक्यातील अर्जुनवाड्याचे. मोतीबाग तालमीत आंदळकरांच्या मार्गदर्शनाखाली ते घडले. पुढे रुस्तुम-ए-हिंद व भारत केसरी हे किताब त्यांच्या नावावर लागले आणि १९७४ च्या ख्राईस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत जड वजनात त्यांनी रौप्यपदक मिळवले.

खोपोलीचे १९८० चे मैदान संक्रमणकाळातील होते. बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेले हे गाव १९१५ पासून जलविद्युत केंद्रासाठी प्रसिद्ध असून पुढे ते औद्योगिक नगर बनले. कुस्तीचा आश्रयदाता आता दरबार राहिला नव्हता. सहकारी साखर कारखाने, उद्योग, नगरपालिका व स्थानिक पुढारी यांच्या बळावर मैदाने भरू लागली होती. त्याच वेळी दिल्ली, हरियाणा व पंजाब येथील आखाड्यांनी गादीवरील कुस्तीचा पद्धतशीर सराव स्वीकारला होता. दिल्लीचे सतपाल यांनी १९८२ च्या आशियाई स्पर्धेत १०० किलो गटात सुवर्ण मिळवले. याच सतपाल यांना १९७७ मध्ये बेळगाव येथे बिराजदार यांनी हरवल्याची आठवण महाराष्ट्रात आजही अभिमानाने सांगितली जाते. इस्माईल शेख यांचा १९८० चा विजय या दोन घटनांच्या मधल्या काळातील आहे. महाराष्ट्राचा मल्ल मातीत कोणासही भारी पडू शकत होता, परंतु आंतरराष्ट्रीय पदकाचा मार्ग गादीवरून जाऊ लागला होता.

रोह्याचे २०१० चे मैदान पूर्णपणे बदललेल्या जगातील होते. माती व गादी असे दोन विभाग, प्रत्येक विभागाचा स्वतंत्र विजेता आणि त्या दोघांत किताबाची अंतिम लढत, ही पद्धत रूढ झालेली होती. मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ दिली जाणारी चांदीची गदा हे विजयाचे चिन्ह बनले होते. समाधान घोडके यांच्यानंतर २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे नरसिंग यादव यांनी व २०१४ ते २०१६ अशी तीन वर्षे विजय चौधरी यांनी किताब राखला. रोह्याचा विजय या दोन दीर्घ कारकिर्दींच्या उंबरठ्यावर उभा आहे.

४. वजन, वेळ व पृष्ठभाग :

'जड वजन' ही संज्ञा स्थिर नाही, ही तुलनेतील पहिली अडचण होय. आंतरराष्ट्रीय कुस्तीत १९६१ पर्यंत ८७ किलोंवरील मल्ल जड वजनात मोडे. १९६२ पासून ही मर्यादा ९७ किलोंवर गेली. १९६९ पासून १०० किलो व १०० किलोंवरील असे दोन गट झाले. १९८५ पासून वरच्या गटास १३० किलोंची कमाल मर्यादा आली. २००२ मध्ये ती १२० व २०१४ मध्ये १२५ किलो झाली. म्हणजे १९६० चा ९० किलोंचा जड मल्ल दहा वर्षांनी जड मल्ल राहिला नसता.

मुष्टियुद्धातही हेच घडले. मार्सियानो यांचे वजन सुमारे ८४ किलो असे. १९७४ मध्ये किन्शासा येथे फोरमन यांच्याशी लढताना अली सुमारे ९८ किलोंचे होते. २०२० मध्ये टायसन फ्युरी सुमारे १२४ किलो वजनाने रिंगणात उतरले. जड वजनाच्या खालचा क्रूझरवेट हा गट १९७९ च्या सुमारास निर्माण झाला. आज मार्सियानो असते तर त्यांना त्याच गटात खेळावे लागले असते. परंतु वजन म्हणजे सर्वस्व नव्हे, हेही तितकेच खरे. क्रूझरवेटमधून आलेल्या ओलेक्सांदर उसिक यांनी मे २०२४ मध्ये आपल्याहून सुमारे १८ किलोंनी जड असलेल्या फ्युरी यांना हरवून जड वजनाचे निर्विवाद विजेतेपद मिळवले. महाराष्ट्रातील समांतर उदाहरण नरसिंग यादव यांचे आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतील त्यांचे सुवर्ण व २०१५ च्या जागतिक स्पर्धेतील कांस्य ही दोन्ही पदके ७४ किलो गटातील आहेत, आणि तरीही महाराष्ट्र केसरीच्या वरच्या वजनाच्या गटात ते सलग तीन वेळा विजयी ठरले.

वेळ ही दुसरी अडचण होय. पारंपरिक निकाली कुस्तीत पाठ लागेपर्यंत लढत चाले. दमसास हेच तेथे मुख्य शस्त्र होते. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन, घिस्से मारून, त्याचा श्वास तोडून मग डाव टाकावयाचा, ही जुन्या मल्लांची रीत होती. आंतरराष्ट्रीय कुस्तीत १९८१ मध्ये तीन तीन मिनिटांचे दोन भाग, १९८९ मध्ये सलग पाच मिनिटे, २००५ मध्ये दोन दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या व २०१३ मध्ये पुन्हा तीन तीन मिनिटांचे दोन भाग असे बदल झाले. सहा मिनिटांत गुण घेणारा मल्ल आणि तासाभराच्या झटापटीनंतर ढाक मारून आसमान दाखवणारा मल्ल यांची शरीरेही निराळी घडतात. मुष्टियुद्धात १९१५ मध्ये हवाना येथील जॉन्सन-विलार्ड लढत ४५ फेऱ्यांची ठरवली होती व ती सव्विसाव्या फेरीत संपली. १९८२ मध्ये किम दुक-कू या कोरियन मुष्टियोद्ध्याच्या मृत्यूनंतर किताबाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या होत गेल्या.

तिसरी अडचण पृष्ठभागाची. तेल, हळद, लिंबू व ताक घालून मळलेली लाल माती पायाला धरून ठेवते व हालचाल मंद करते. गादीवर पाय चपळ राहतो, एकेरी वा दुहेरी पट वेगाने काढता येतो. मातीत लंगोट वा जांघिया धरून मारावयाचे काही डाव गादीवर निरुपयोगी ठरतात. म्हणून 'कोण जिंकले असते' या प्रश्नाआधी 'कोठे, किती वेळ व कोणत्या नियमांनी' असे विचारणे क्रमप्राप्त ठरते. आणि हे ठरवताच निकालाचा अर्धा भाग आपण आपल्या हातांनी ठरवलेला असतो.

५. मूल्यमापनाचे निकष :

वरील विवेचनावरून काल्पनिक लढतीचा मार्ग इतिहासाच्या अभ्यासकास उपयोगी नाही, हे स्पष्ट होते. त्याऐवजी मल्लाचे त्याच्या स्वतःच्या काळाशी असलेले नाते तपासणे अधिक शास्त्रीय ठरेल. त्यासाठी चार निकष मांडता येतात.

अ) समकालीनांवरील वर्चस्व : मल्लाने आपल्या काळातील सर्वोत्तमांवर किती व किती काळ मात केली?
ब) स्पर्धेची घनता : त्याच्या काळात तुल्यबळ मल्ल किती होते?
क) सीमोल्लंघन : परक्या नियमांत, परक्या पृष्ठभागावर, परक्या भूमीत त्याने काय साधले?
ड) वारसा : त्याने पुढची पिढी घडवली काय?

यांपैकी पहिले दोन निकष परस्परांस आवर घालतात. स्पर्धा विरळ असेल तर वर्चस्व सहज लाभते, दाट असेल तर थोडेसे वर्चस्वही मोलाचे ठरते. तिसरा निकष मातीचा मोठेपणा गादीवर तपासतो, तर चौथा निकष तालीम या संस्थेस न्याय देतो.

६. निकषांचे उपयोजन :

या निकषांवर रायगड जिल्ह्यातील तीन विजेत्यांपैकी दादू चौगुले यांचे स्थान अग्रक्रमाचे ठरते. १९६९ ते १९७४ या सहा वर्षांत किताब चार मल्लांकडे फिरला. इतक्या दाट स्पर्धेत तो सलग दोनदा मिळवणे हे वर्चस्वाचे लक्षण आहे. ख्राईस्टचर्चच्या पदकाने सीमोल्लंघनाचा निकष पूर्ण होतो. त्यांचे पुत्र विनोद चौगुले हे २००० मध्ये महाराष्ट्र केसरी झाले, यातून वारशाचा निकषही सिद्ध होतो. इस्माईल शेख व समाधान घोडके यांच्या बाबतीत निर्णय वेगळ्या पद्धतीने करावा लागतो. त्यांनी आपापल्या वर्षी राज्यातील सर्व प्रतिस्पर्ध्यांवर मात केली, ही वस्तुस्थिती कोणत्याही यादीने कमी होत नाही. त्यांच्या वाट्याला मात्र असा काळ आला, ज्यात राज्याचा किताब आणि आंतरराष्ट्रीय पदक यांचे मार्ग वेगळे होऊ लागले होते. १९६२ मध्ये एकाच मल्लास दोन्ही मार्गांनी चालता येत होते. पुढे मातीसाठी एक व गादीसाठी दुसरी अशी तयारी आवश्यक झाली.

संपूर्ण महाराष्ट्राचा विचार केल्यास जड वजनात गणपतराव आंदळकर यांचे स्थान सर्वोच्च मानणे योग्य ठरेल. त्यांचे हिंदकेसरीपद समकालीनांवरील वर्चस्व दाखवते, जकार्ताची दोन पदके व १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधील सहभाग सीमोल्लंघन दाखवतो आणि मोतीबाग तालमीतील वस्ताद म्हणून केलेले कार्य वारसा दाखवते. या निष्कर्षावर आक्षेप घेता येईल. मारुती माने यांची जकार्तातील कामगिरीही तितकीच तोलाची होती आणि त्यांचे सुवर्ण फ्रीस्टाईल या अधिक प्रचलित प्रकारातील होते. सलग तीन किताबांचा विचार केल्यास नरसिंग यादव व विजय चौधरी यांची सातत्याची बाजू भक्कम आहे. तथापि चारही निकष एकत्र घेतल्यास आंदळकरांकडे झुकणारे पारडे सरळ होत नाही. त्यांचा शिष्य अलिबागेत विजयी होतो व शिष्याचा पुत्र एकोणतीस वर्षांनी तोच किताब मिळवतो, या साखळीत तीन पिढ्या प्रत्यक्ष जोडल्या गेल्या आहेत. वस्ताद ज्या हातांनी आपल्या काळातील मल्लांशी लढला, त्याच हातांनी तो पुढच्या पिढीची ताकद जोखतो. दोन कालखंडांचा खराखुरा सामना कोठे होत असेल, तर तो तालमीच्या हौद्यात, वस्ताद व पठ्ठ्या यांच्या रोजच्या सरावात होतो.

७. सन्मान व नोंदींचा प्रश्न :

ही तुलना केवळ बौद्धिक कुतूहलाचा विषय नाही. श्रेष्ठ कोण हे ठरवण्यावर पुरस्कार, मानधन, स्मारके व पाठ्यपुस्तकातील उल्लेख अवलंबून असतात. खाशाबा जाधव यांचे १९८४ मध्ये निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी, मरणोत्तर मिळाला. दादू चौगुले यांना ध्यानचंद पुरस्कार २०१८ मध्ये मिळाला. अलिबागच्या विजयानंतर सत्तेचाळीस वर्षांनी आलेल्या या सन्मानानंतर सुमारे वर्षभराने, ऑक्टोबर २०१९ मध्ये, त्यांचे निधन झाले. आंदळकर सप्टेंबर २०१८ मध्ये व खंचनाळे डिसेंबर २०२० मध्ये गेले. एक संपूर्ण पिढी अवघ्या काही वर्षांत पडद्याआड झाली.

विजेत्यांच्या यादीत प्रत्येक मल्लास एकच ओळ मिळते : वर्ष, ठिकाण, नाव. कोणता डाव लागला, लढत किती वेळ चालली, समोर कोण होता, हे त्या ओळीत मावत नाही. मुष्टियुद्धात १९१० च्या दशकातील लढतींची चित्रफीत उपलब्ध असल्याने निदान वाद घालण्यास आधार तरी असतो. मातीतील कुस्तीचा आधार पाहणाऱ्यांची स्मृती हाच आहे. १९७१ मध्ये अलिबागेत वीस वर्षांचा असलेला प्रेक्षक आज सत्तरी ओलांडलेला आहे. किनाऱ्यावरील महाविद्यालयांतील इतिहास व शारीरिक शिक्षण विभागांनी एकत्र येऊन अशा प्रेक्षकांच्या, पंचांच्या व संयोजकांच्या मुलाखती नोंदवल्या, तर तीन मैदानांच्या तीन ओळींमागील इतिहास हाती लागेल. हे काम पुढच्या पिढीवर सोपवण्याइतका अवधी आता उरलेला नाही.

या यादीचा एक गुण मात्र आवर्जून नमूद करावा असा आहे. १९६३ व १९७७ या वर्षांपुढे तेथे नाव नाही, 'अनिर्णित' असा शब्द आहे. निकाल लागला नाही, तेव्हा तो लागला नाही असेच लिहिले गेले. संगणकाने दोन खंडांतील प्रेक्षकांना दोन निकाल दिले. कुस्तीच्या नोंदीने कोणालाही खोटा निकाल दिला नाही.

निष्कर्ष :

१) भिन्न कालखंडांतील जड वजनाच्या मल्लांची काल्पनिक लढतीच्या आधारे केलेली तुलना ग्राह्य धरता येत नाही. वजनगट, वेळ व पृष्ठभाग यांची निवडच निकाल ठरवते.
२) मल्लाचे त्याच्या काळाशी असलेले नाते तपासल्यास अर्थपूर्ण तुलना शक्य होते. वर्चस्व, स्पर्धेची घनता, सीमोल्लंघन व वारसा हे त्यासाठीचे निकष होत.
३) या निकषांवर महाराष्ट्राच्या जड वजनाच्या कुस्तीत गणपतराव आंदळकर व रायगड जिल्ह्यातील तीन विजेत्यांत दादू चौगुले यांचे स्थान अग्रभागी राहते.
४) उत्तरकालीन विजेत्यांची आंतरराष्ट्रीय कामगिरी कमी दिसते, याचे एक प्रमुख कारण माती व गादी यांचे वेगळे झालेले मार्ग हे आहे. तिचा दोष व्यक्तींवर टाकणे अन्यायाचे ठरेल.
५) तुलनेची विश्वासार्हता नोंदींवर अवलंबून असल्याने मौखिक इतिहासाचे संकलन हे तातडीचे कार्य आहे.

अलिबाग, खोपोली व रोहा येथील मैदानांवरची माती केव्हाच पांगली. तेथे लढलेल्या मल्लांना एकमेकांसमोर उभे करणे कोणाच्याही हाती नाही. त्यांना त्यांच्या त्यांच्या काळासमोर उभे करून त्यांचे मोल जाणणे मात्र अभ्यासकांच्या हाती आहे, आणि तेवढे झाले तरी या मल्लांचे ऋण काही अंशी फिटेल.